शाळेत एकदम जुलाब सुरू झाले तर : वाचकांचे प्रश्न

मे सरता सरता आपल्याकडे कर्नाटकात शाळा उघडतात आणि पाठोपाठ पाऊस येतो. सुट्टीभर बंद राहिलेली टाकी, गढूळ झालेलं नळाचं पाणी आणि शाळेची पुन्हा पेटलेली चूल, या तिन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात जुळून येतात. शाळेतल्या जुलाब-उलट्यांविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, रायबाग आणि अथणी तालुक्यांतून पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : दुपारच्या जेवणानंतर काही तासांत तीसेक मुलांच्या पोटात कळा येऊन जुलाब सुरू झाले. पालकांची गर्दी झाली, स्वयंपाकाच्या ताईंवर आळ आला, घाबरून कुणी उरलेलं जेवण फेकलं, कुणी भांडी घासली. अशा वेळी आधी काय करायला हवं होतं?
— मुख्याध्यापक, खानापूर तालुका

उत्तर : आधी मुलं सांभाळायची, पण पुरावाही त्याच वेळी सांभाळायचा. म्हणून कामं माणसांत वाटून द्या. एका शिक्षकानं आजारी मुलांना स्वच्छतागृहाजवळच्या एका वर्गात बसवावं आणि डॉक्टरांची वाट न पाहता ओआरएस सुरू करावं. ज्या मुलाला ग्लानी आहे, जे पाणी घोटत नाही, ज्याच्या शौचात रक्त आहे किंवा ज्याचे डोळे खोल गेले आहेत, त्याच्यासाठी लगेच १०८ला फोन लावावा. दुसऱ्यानं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, आशाताईंना आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाला कळवावं. फोनवर तीनच गोष्टी नेमक्या सांगा: किती मुलं, पहिल्या मुलाला किती वाजता सुरू झालं, उलट्या जास्त की जुलाब जास्त. एवढ्यावरून डॉक्टर निघतानाच काय बरोबर घ्यायचं ते ठरवू शकतात.

तिसऱ्या माणसानं स्वयंपाकघराला कुलूप लावावं. भात, सांबार, भाजी, अंडं, दूध, जे जे उरलं असेल ते प्रत्येकी साधारण २०० ग्रॅम, स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या डब्यांत वेगवेगळं काढा. डब्यावर तारीख आणि वेळ लिहा आणि ते बर्फावर किंवा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. भांडी घासू नका. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकण्याची घाई तर अजिबात करू नका. पाण्याचा नमुना घेण्याआधी पावडर पडली की जंतू मरतात आणि पाणी निर्दोष होतं असा अहवाल येतो. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेतून निर्जंतुक करून आलेली हवी. तिच्यात क्लोरीन मारणारं थोडं रसायन मुद्दाम घातलेलं असतं, म्हणून बाटली पाण्यानं विसळायची नाही. नमुना घेईपर्यंत त्या टाकीचं पाणी मात्र कुणालाही प्यायला देऊ नका.

शौचाचा नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्यायला सांगा. औषध पोटात गेल्यावर जंतू हाती लागण्याची शक्यता खूप कमी होते.

वर्गात उलटी किंवा जुलाब झाले असतील तर आधी कागदानं किंवा राखेनं उचलून घ्या, मग एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी त्या जागेवर दहा मिनिटं राहू द्या. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत माणूस गुदमरतो.

आणि ताईंना गर्दीसमोर उभं करू नका. दोष पाण्यात असू शकतो, दुधाच्या पावडरीत असू शकतो, आदल्या दिवशीच्या जत्रेतल्या खाण्यातही असू शकतो. कुणी काय खाल्लं आणि कोण आजारी पडलं याची यादी तयार होण्याआधी माणूस दोषी ठरला की पुढची चौकशी तिथेच थांबते आणि खरं कारण पुढच्या महिन्यात परत मुलांना गाठतं.

प्रश्न : दोष जेवणात होता की पाण्यात, हे गावपातळीवर ओळखता येतं का? प्रयोगशाळेचा अहवाल यायला फार दिवस लागतात.
— एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) सदस्य, निपाणी तालुका

उत्तर : बरंचसं ओळखता येतं, आणि त्यासाठी वही-पेन पुरतं. शाळेतल्या सगळ्या मुलांची यादी करा. फक्त आजारी मुलांची यादी केली तर काहीच कळत नाही. तुलना करायला न आजारी पडलेली मुलंही लागतात. प्रत्येकापुढे रकाने घाला: इयत्ता, जेवण शाळेचं की डबा, अंडं घेतलं की केळं की चिक्की, दूध घेतलं का, पाणी शाळेच्या नळाचं की घरची बाटली, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, उलटी, जुलाब, ताप, रक्त.

समजा १२० मुलं आहेत. शाळेत जेवलेली ८०, त्यातली ३२ आजारी, म्हणजे शेकडा ४०. डबा खाल्लेली ४०, त्यातली २ आजारी, म्हणजे शेकडा ५. संशय जेवणावर गेला. आता जेवलेल्या ८०मध्येच फोड करा. अंडं खाल्लेली ५०, त्यातली २९ आजारी, शेकडा ५८. अंड्याऐवजी केळं घेतलेली ३०, आजारी ३, शेकडा १०. भात-सांबार दोन्ही गटांनी खाल्लं होतं, म्हणजे बोट अंड्याकडे वळतं. आपल्याकडे मुलं अंडं किंवा केळं निवडतात, त्यामुळे ही तुलना आयती मिळते. मग विचारायचं: अंडी कधी उकडली, कधी सोलली, कुठे ठेवली? आदल्या संध्याकाळी उकडून, हातानं सोलून, नळाच्या पाण्याच्या बादलीत रात्रभर ठेवलेली अंडी हे जंतूंना आमंत्रण. उकडताना जंतू मेले तरी सोलताना हातावरचे आणि बादलीतले नवे चिकटतात. म्हणून अंडी त्याच सकाळी उकडावीत आणि कवचासकट वाढावीत, हात धुतलेली मुलं स्वतः सोलतील.

दुसरी खूण वेळेची. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू झाल्या, ताप नाही, तर जंतूंनी अन्नात आधीच तयार करून ठेवलेलं विष पोटात गेलेलं असतं. शिळा भात किंवा हाताला गळू असलेल्या माणसानं हाताळलेलं अन्न यातून हे होतं. सहा ते चोवीस तासांत कळा आणि पातळ जुलाब, उलटी आणि ताप जवळजवळ नाही, तर मोठ्या भांड्यात हळूहळू निवलेलं वरण-सांबार किंवा मटण यांचा संशय घ्यावा. खानापूरच्या वरच्या पत्रातल्या कळा आणि जुलाब या प्रकाराशी जुळतात. बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत ताप, कळा, जुलाब असं चित्र असेल तर साल्मोनेला आणि त्याच्यासारखे जंतू.

पाण्याची गोष्ट वेगळी दिसते. आजार एका दुपारी उसळत नाही, चार-सहा दिवस रोज थोडी थोडी मुलं पडतात, आणि ज्या घरात शाळेचं मूल नाही तिथले म्हातारे-कोतारेही पडतात. घरची बाटली आणणारी मुलं वाचली आणि बाकीची पडली, असं दिसलं तर शाळेचीच टाकी पाहा. भाताच्या पेजेसारखे पांढुरके, भसाभस जुलाब आणि काही तासांत माणूस गळून जाणं ही कॉलऱ्याची लक्षणं आहेत. असा एक जरी रुग्ण दिसला तरी यादीची वाट न पाहता आरोग्य केंद्राला कळवायचं.

एकाच वर्गात आठवडाभर रक्ती आव फिरत राहिली तर शिगेला या जंतूचा संशय असतो. याचे दहा ते शंभर इतके थोडे जंतूसुद्धा आजाराला पुरतात, म्हणून तो अन्न-पाण्याशिवाय नुसत्या हातांवरून, संडासाच्या कडीवरून पसरतो. इथे टाकी धुऊन उपयोग नाही, साबण लागतो.

प्रश्न : मी शाळेत स्वयंपाक करते. सकाळी भात-सांबार शिजवून झाकून ठेवते, वास येत नाही, चव बदलत नाही, गुरुजीही आधी चाखतात. मग मुलं आजारी कशी पडतात?
— एक ताई, बेळगाव तालुका

उत्तर : ताई, वास आणि चव यांवर या जंतूंचा पत्ता लागत नाही. चाखण्याचा नियम चांगलाच आहे. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं दगावली. तसलं काही मिसळलं असेल, तेल खराब असेल, तर चाखणाऱ्याच्या लक्षात येऊ शकतं. जंतूंचा परिणाम दिसायला मात्र तास लागतात, आणि गुरुजींनी चाखल्यावर अर्ध्या तासात मुलं जेवून उठलेली असतात.

खरा हिशेब वेळेचा आणि गरमपणाचा आहे. तांदळावर एका जंतूची बीजं मुळातच असतात आणि ती उकळीतही मरत नाहीत. भात कोमट झाला की ती जागी होतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष परत उकळलं तरी जात नाही. त्यामुळे उरलेला भात दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकून चित्रान्न केलं, वाफ निघेपर्यंत परतलं, तरी तो सुरक्षित होत नाही. घरी थोडा भात पसरून लवकर निवतो. शाळेतला वीस-पंचवीस किलोचा ढीग मधोमध कित्येक तास कोमट राहतो.

सांबाराचंही तसंच. डाळीत, भाजीत, मसाल्यात राहिलेली बीजं उकळीतून वाचतात. ४३ ते ४५ अंशांच्या आसपास यातले काही जंतू दहा-दहा मिनिटांत दुप्पट होतात. मोठ्या पातेल्याचं झाकण गरम लागतं म्हणून आत सगळं गरम आहे असं धरू नका. चुलीवरून उतरवल्यापासून सांबाराचा मधला भाग तासन् तास याच कोमट पट्ट्यात रेंगाळतो.

म्हणून शिजवणं आणि वाढणं यांतलं अंतर कमी करा. जेवणाची घंटा साडेबाराची असेल तर सांबार सव्वाबाराला उतरेल असा स्वयंपाक लावा. भाजी चिरणं, डाळ भिजवणं सकाळी, फोडणी आणि शेवटची उकळी सगळ्यात शेवटी. शिजलेलं अन्न साठ अंशांच्या वर राहायला हवं. थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर खूण ही की डावानं तळापासून ढवळल्यावर मधून स्पष्ट वाफ यायला हवी. शिजल्यापासून दोन तासांत वाढून संपायला हवं, उरलं तर घरी न्यायचं नाही आणि उद्यासाठी ठेवायचं नाही. उरलेलं अन्न टाकणं जिवावर येतं, हे खरं आहे. त्यावर उपाय हाच की हजेरी घेतल्यावर तांदूळ मोजून घ्या, पटावरच्या आकड्यानं नको.

दुधाबद्दल. शाळेत मुलांना दूध देणाऱ्या क्षीरभाग्य योजनेत एका मुलासाठी १८ ग्रॅम पावडर आणि १५० मिली पाणी असं प्रमाण आहे. १०० मुलांना १ किलो ८०० ग्रॅम पावडर आणि १५ लिटर पाणी. गाठी होऊ नयेत म्हणून पावडर आधी थोड्या कोमट पाण्यात घोटतात आणि तिथेच गफलत होते: ते कोमट पाणी थेट नळाचं असतं. उकळून कोमट केलेलंच पाणी घ्या. घोटलेली पेस्ट उकळत्या पाण्यात ओतून सगळ्याला परत एक उकळी आणा आणि गरम असतानाच वाटा. पावडर निर्जंतुक नसते. उघडं पाकीट पावसाळी हवेत ओल धरतं, म्हणून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा आणि पावडर घ्यायचा चमचाही कोरडाच हवा.

हाताला गळू, पिकलेली जखम असेल तर त्या दिवशी शिजलेल्या अन्नाला हात लावू नका. नुसती पट्टी पुरत नाही. स्वतःला जुलाब झाले असतील तर थांबल्यावरही ४८ तास स्वयंपाकाला येऊ नका. ही रजा ताईंना पगार न कापता मिळायला हवी, कारण रोज बुडेल या भीतीनं आजार लपवला जातो. एसडीएमसीनं याचा ठराव करून ठेवावा आणि बदली माणूस आधीच ठरवावं.

प्रश्न : टाकीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची? आमच्याकडे पावसात पाणी गढूळ येतं तेव्हा दुप्पट टाकतो, तरी तक्रारी येतात. उलट कधी वास इतका येतो की मुलं पाणीच पीत नाहीत.
— ग्रामपंचायत सदस्य, चिक्कोडी तालुका

उत्तर : ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. अशी पावडर १००० लिटरला ५ ग्रॅम टाकली की लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन मिळतं. स्वच्छ पाण्याला तेवढं पुरतं. २००० लिटरच्या सिंटेक्सला १० ग्रॅम. विहिरीसाठी व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ७८५नं गुणा. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर २८,२६० लिटर, म्हणजे सुमारे १४० ग्रॅम पावडर.

पण पोत्यातली पावडर ताजी नसते, इथेच सगळं बिघडतं. तोंड उघडं, दमट खोली, जमिनीवर ठेवलेलं पोतं, अशा पावडरीचं क्लोरीन महिन्याभरातच बरंचसं उडून जातं. गोळे झालेत, डोळ्याला-नाकाला झोंबत नाही, म्हणजे आता तो नुसता चुना उरला. कितीही ओता, पाणी पांढरं होईल, जंतू मरणार नाहीत. पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, उन्हापासून दूर, फळीवर ठेवा. मोजमापासाठी किराणा दुकानाच्या काट्यावर प्लास्टिकच्या पिशवीत १०० ग्रॅम तोलून घ्या आणि त्यात किती सपाट चमचे भरतात ते मोजा. शंभराला त्या संख्येनं भागलं की तुमच्या चमच्याचं वजन मिळालं. तो चमचा डब्यालाच बांधून ठेवा.

पावडर कोरडी टाकीत फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, बादली तीन चतुर्थांश भरून ढवळा, दहा मिनिटं चुना तळाशी बसू द्या आणि वरचं निवळ तेवढं टाकीत ओता. मग अर्धा तास थांबून मगच नळ सोडा. हा अर्धा तास पाळला जात नाही. टाकी भरते आहे, खाली मुलं पाणी पीत आहेत आणि वरून पावडर पडते आहे, असं झालं तर पहिल्या मुलांना जंतू मिळतात आणि नंतरच्यांना वास.

गढूळ पाण्यात क्लोरीन मातीशी आणि कुजलेल्या पाल्याशी झुंजण्यातच संपतं, आणि मातीच्या कणांआड दडलेले जंतू वाचतात. म्हणून दुप्पट टाकूनही काम होत नाही. आधी तुरटी: १००० लिटरला पाणी पाहून २० ते ४० ग्रॅम, विरघळवून, जोरात ढवळून, मग चार तास हलवायचं नाही. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या टाकीत घ्या आणि त्याला क्लोरीन द्या. दूधगंगा-वेदगंगेच्या आणि कृष्णेच्या काठच्या गावांत पूर येऊन गेल्यावर पहिले काही दिवस तर हे केल्याशिवाय शाळेची टाकी वापरूच नये.

मात्रा बरोबर होती का, हे पोतं सांगत नाही, नळ सांगतो. क्लोरीन तपासायची लहान पेटी मिळते: नळीत पाणी, त्यात थेंब किंवा गोळी, आणि रंग पट्टीशी ताडून पाहायचा. टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसायला हवं. साथ सुरू असताना ०.५ धरा. शून्य आलं तर पुढच्या वेळी मात्रा वाढवा, १ च्या वर गेलं आणि मुलं तोंड वाकडं करायला लागली तर कमी करा. रोजचा आकडा आणि वेळ एका वहीत लिहिणं, ही साथीवरची सगळ्यात स्वस्त लस आहे असं आम्ही मानतो. आठवडाभर ०.३ येणारा आकडा अचानक शून्य झाला, तर कुठेतरी पाइप फुटला आहे हे जुलाब सुरू व्हायच्या आधी कळतं.

आणखी एक. एक दिवसाआड पाणी सोडलं जातं तिथे मधल्या वेळात पाइप रिकामे होतात आणि जोडाच्या फटींतून बाहेरचं पाणी आत ओढतात. पाइप गटारीतून गेला असेल तर काय ओढलं जातं ते सांगायला नको. पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं ते टाकीत चढवू नका, बाहेर जाऊ द्या. गटारीतला जोड मात्र पंचायतीनं वर घ्यायलाच हवा, त्याला पावडर हा पर्याय नाही.

शाळा उघडण्याआधी, आणि साथीनंतर, टाकी रिकामी करून आतून ब्रशनं घासा, गाळ काढा, भरा आणि १००० लिटरला १५० ग्रॅम या हिशेबानं पावडरीचं निवळ घाला. सगळे नळ एकदा उघडून वास येईपर्यंत पाणी सोडा, बंद करा, चोवीस तास तसंच ठेवा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर भरली की रविवारी दुपारी रिकामी करता येते. नळांवर ‘पिऊ नये’ हे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून लावा. हे पाणी झाडांना किंवा तळ्यात सोडू नका.

प्रश्न : आमची शाळा गावातल्या शुद्ध पाण्याच्या केंद्रावरून कॅन आणते. तरीही मुलांना जुलाब का?
— शिक्षिका, रायबाग तालुका

उत्तर : यंत्रातून निघताना पाणी शुद्ध असतं, पण त्यात क्लोरीन उरलेलं नसतं, म्हणजे नंतर पडलेला जंतू मारणारं त्यात काहीच नसतं. कॅन आतून कधी घासला गेला? त्यातून पाणी ज्या पिंपात ओततात त्याला तोटी आहे का? मुलं ग्लास बुडवून पाणी घेत असतील तर बोटं पाण्यात जातात आणि यंत्राचं सगळं काम वाया जातं. तोटीचं पिंप घ्या, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं टांगा आणि एकाच मोठ्या मुलाला वाढायला नेमा. कॅन आठवड्यातून दोनदा ब्रशनं घासून क्लोरीनच्या पाण्यानं विसळा. आणि शाळेच्या फाटकाबाहेरच्या गारेगारचा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे, तेही एकदा जाऊन पाहा.

प्रश्न : मुलाला ओआरएस किती द्यायचं? उलटी झाली की थांबवायचं का? जुलाब थांबायची गोळी द्यावी का? शाळेत परत कधी पाठवू?
— एक आई, हुक्केरी तालुका

उत्तर : पाकीट नीट पाहा. २० ग्रॅमच्या आसपासचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात आणि ४ ग्रॅमच्या आसपासचं छोटं २०० मिलीत, म्हणजे एका स्टीलच्या पेल्यात. मोठं पाकीट पेल्यात विरघळवलं तर मीठ जास्त होऊन मूल आणखी बिघडतं, आणि छोटं लिटरमध्ये टाकलं तर उपयोग होत नाही. पाकीट एकदम सगळं विरघळवा, अर्धं उद्यासाठी ठेवू नका. तयार पाणी चोवीस तासांनी टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. फळांच्या चवीच्या गोड पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५मध्ये मनाई केली आहे. तसला खोका दुकानात दिसला तरी घेऊ नका, त्यातली जादा साखर जुलाब वाढवते.

दोन ते दहा वर्षांच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिली, त्यापुढच्या मुलांना मागतील तेवढं. डोळे थोडे खोल गेलेत, तहान खूप आहे, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सावकाश जागेवर जाते, अशा मुलाला पहिल्या चार तासांत किलोमागे ७५ मिली लागतं. २० किलोचं मूल असेल तर दीड लिटर, आणि हे आरोग्य केंद्रात, डॉक्टरांच्या नजरेखाली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्यानं परत सुरू करा. उलटीमुळे बंद करण्याचं कारण नाही.

खाणं तोडू नका. पेज, मऊ भात, ताक, नाचणीची आंबील, केळं चालतं. अंगणवाडीतल्या, म्हणजे सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे. जुलाब बंद करणारी लोपरामाईडसारखी गोळी मुलांना कधीही देऊ नका. आतडं थांबतं, जंतू आत राहतात. अँटिबायोटिकही दुकानदाराला विचारून नको. रक्ती आव आणि कॉलरा यांत ते लागतं, आणि कुठलं ते डॉक्टर ठरवतील. साध्या जुलाबात त्याचा फायदा नाही आणि काही प्रकारच्या जंतूंत मूत्रपिंडाला धोका होऊ शकतो.

रक्त, सहा तासांत लघवी नाही, जोराचा ताप, सुस्ती, पाणी न घेणं, यांतलं एक जरी दिसलं तरी थांबू नका. शाळेत पाठवायचं ते शेवटच्या पातळ शौचानंतर पूर्ण ४८ तासांनी. रक्ती आव असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि सरांनीही पूर्ण हजेरीच्या बक्षिसासाठी आजारी मूल वर्गात ओढू नये.

प्रश्न : १५० मुलं आणि पाच नळ. जेवणाआधी सगळ्यांनी साबणानं हात धुवावेत असं आम्ही सांगतो, पण होत नाही.
— शिक्षक, अथणी तालुका

उत्तर : होणारच नाही, गणित करून पाहा. एका नळावर तीस मुलं, प्रत्येकी ओले करणं, वीस सेकंद चोळणं, धुणं मिळून चाळीस सेकंद, म्हणजे वीस मिनिटं. घंटा आणि ताट यांमध्ये तुम्ही पाच मिनिटं ठेवता, म्हणून मुलं हात ओले करून पळतात. वर्गवार पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं सोडा. लहान वर्ग आधी. साबण आणि चोळणं नळापासून दूर उरका: मोठा विद्यार्थी रांगेत प्रत्येकाच्या तळव्यावर पातळ साबणाचे दोन थेंब देतो, मुलं चोळत-चोळत पुढे सरकतात आणि नळाचा वेळ फक्त धुण्यापुरता, दहा सेकंद लागतो. म्हणजे तीस मुलं पाच मिनिटांत. वडी ठेवली तर ती गटारीत जाते किंवा हरवते, म्हणून झाकणाला भोक पाडलेली बाटली बरी. संडासाजवळही एक बाटली हवीच, ती नसेल तर जेवणाआधीच्या धुण्याचा निम्मा फायदा गेला. धुतल्यावर चड्डीला हात पुसायचे नाहीत, हवेत झटकायचे.

प्रश्न : माझ्या मुलीला शाळेत जुलाब सुरू झाले तेव्हा आम्ही तिला गडहिंग्लजला नातेवाइकांकडे नेऊन तिथेच दाखवलं. हे इथे कुणाला कळवायला हवं होतं का?
— एक पालक, निपाणी तालुका

उत्तर : हो, हवंच होतं. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या गावांत हे नेहमी घडतं. काही मुलं इथल्या आरोग्य केंद्रात जातात, काही गडहिंग्लज, चंदगड किंवा कागलला, काही थेट कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात. साथ चाळीस मुलांची असते आणि इथल्या वहीत बाराच दिसतात. बारा मुलांसाठी पाण्याची तपासणी तातडीनं होत नाही, आणि दोष राहतो तसाच. तिकडच्या डॉक्टरांनाही एकच मूल दिसतं, त्यांना तो साधा जुलाब वाटतो.

उपचार कुठे घ्यायचे ते तुमच्या सोयीनं ठरवा, पण तिकडे पत्ता सांगताना पाहुण्यांचा न सांगता आपल्या गावाचा आणि शाळेचा सांगा, आणि ‘शाळेत आणखी मुलांना झालंय’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यावरून ते शौचाची तपासणी लिहून देतील की नाही, हे ठरतं. केसपेपरचा आणि तपासणीच्या अहवालाचा मोबाईलवर फोटो काढून त्याच दिवशी मुख्याध्यापकांना आणि आशाताईंना पाठवा. त्यासोबत त्रास कधी सुरू झाला ती तारीख आणि वेळ, रक्त होतं की नाही, आणि आदल्या तीन दिवसांत मुलीनं शाळेबाहेर कुठे जेवण किंवा पाणी घेतलं, एवढं लिहा. मुख्याध्यापकांनी ही नावं वरच्या यादीत घालून ती आरोग्य केंद्राला द्यावी. यादी मराठीत असेल तर रकान्यांची शीर्षकं कन्नडमध्येही लिहून घ्या, म्हणजे तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात ती त्याच दिवशी वाचली जाईल.